‘जेवलास का?’ म्हणून रोज विचारणारी

*ताई, वय 41. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका युनिटचं मार्केटिंग बघतो. आठ वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, मूलबाळ नाही. मांजलपूरला आई (72) आणि मी, दोघंच. दोन वर्षांपूर्वी डीलर लोकांच्या ग्रुपबरोबर थायलंडला गेलो, आम्ही 14 जण होतो. पटायाच्या सोई 6 या गल्लीत एका बारमध्ये ती भेटली. बाकीचे आपापल्या वाटेने गेले, मी तिच्याबरोबर तो प्लॅस्टिकच्या चकत्या टाकायचा खेळ खेळत बसलो. ती अकरा वेळा जिंकली. नंतर मी दोनदा एकटाच जाऊन आलो. ती 31 वर्षांची, इसानकडची, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातली. नऊ वर्षांचा मुलगा गावी आजीकडे असतो. बार सोडून पार्लरचं काम शिकते म्हणाली, म्हणून गेले 14 महिने दर महिन्याला 20,000 बाथ पाठवतोय. रोज तिचा मेसेज येतो, ‘जेवलास का?’ आईशिवाय मला हे विचारणारी ती एकटीच. फेब्रुवारीत ग्रुपमधला एक जण परत तिकडे गेला. त्याने तिचा फोटो काढून पाठवला, त्याच बारच्या दारात, त्याच स्टुलावर. सगळे हसतायत. मी तिला अजून काही विचारलेलं नाही. मी फसलो का? लग्न करून तिला इकडे आणायचं मनात होतं. आईला काय सांगू?*

*– एक वाचक, बडोदा*

तुमचं पत्र चार पानी होतं. ओळख पटेल ते सगळं काढून इथे एवढंच ठेवलंय. काढलेल्यातल्या काही गोष्टी उत्तरात येतील, त्याला इलाज नाही.

आधी ते ‘जेवलास का’. थाई लोक ‘किन खाव रु यांग’ म्हणतात, म्हणजे ‘भात खाल्लास की अजून नाही?’ दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो, शेजारीण शेजारणीला विचारते. दांडिया बाजारात सकाळी कुणी भेटलं की आपण ‘काय, झाला का चहा?’ म्हणतो, तसंच. उत्तरासाठी कुणी थांबत नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. पण रोजच्या वापरातलं वाक्य आहे म्हणून ते खोटंच असतं असंही नाही. तुमच्या आईही रोज हेच विचारतात आणि तुम्ही फोनमधून मान वर न काढता ‘हो’ म्हणता, हे तुम्हीच लिहिलंय. एकीचं वाक्य वाचून गळा दाटतो, दुसरीचं कानावरून जातं. घटस्फोट झालेल्या माणसाला आपल्याकडे ‘दुसरं कधी करतोयस?’ सगळे विचारतात. ‘कसा आहेस?’ विचारायला कुणाला सवड नसते. तेव्हा तुम्ही तिकडे ओढले गेलात याचं मला नवल वाटत नाही आणि त्याबद्दल मी तुम्हाला झापणारही नाही.

आता खेळाचं. चार चकत्या एका ओळीत लावायचा तो खेळ पटायातल्या जवळजवळ प्रत्येक बारच्या काउंटरवर असतो, फाशांचा एक ट्रे असतो आणि लाकडी ठोकळ्यांचा मनोराही असतो. भाषा येत नसलेल्या माणसाला दोन तास स्टुलावर बसवून ठेवायची ती सोय. ती बाई तो खेळ रोज खेळते, वर्षानुवर्षं खेळते. अकरा वेळा जिंकली ती कामात तरबेज आहे म्हणून. तुम्ही प्रत्येक डावाला तिला एक ‘लेडी ड्रिंक’ पाजलं, असंही लिहिलंय. त्या ग्लासात दारू नावालाच असते, कधी नुसतं सरबत असतं, आणि ग्लासामागे ठरलेली रक्कम तिच्या नावावर जमा होते. महिन्याचा ग्लासांचा कोटा भरला नाही तर पगार कापतात. उशीर झाला तर दंड, सुटी घेतली तर दंड. आणि गिऱ्हाइकाने तिला बाहेर न्यायचं म्हटलं की बारला भरायचा तो ‘बार फाइन’. नावात दंड आहे, भरतो गिऱ्हाईक, जातो मालकाकडे. पुढचं काय ते तिने स्वतः ठरवून घ्यायचं.

हे गाव असं का झालं, तेही ऐका, म्हणजे तुमच्या एकट्याच्या नशिबाची ही गोष्ट वाटणार नाही. पटाया हे कोळ्यांचं गाव होतं. 1960 च्या दशकात व्हिएतनाम युद्धातले अमेरिकी सैनिक तिथे सुटीला यायला लागले, जवळच उतपाओचा हवाई तळ होता. सैनिक गेले, धंदा राहिला. मग युरोपातले म्हातारे आले, रशियन आले, आता आपले लोक विमानं भरभरून जातात. 1996 च्या कायद्याने तिथे वेश्याव्यवसायाला बंदी आहे. पण 1966 चा करमणुकीच्या जागांचा कायदाही आहे, त्यात बारला परवाना मिळतो. कागदावर ती ‘वेट्रेस’. जे काम ती करते ते कायद्याला दिसतच नाही, तेव्हा त्या कामाची आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. आपल्या बडोद्यात सयाजीरावांच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे दरबारी कलाकारांच्या खात्यात, तंजावरहून आलेल्या नर्तकींना दरबारचा पगार होता, रजेचे नियम होते, पेन्शन होतं. सोई 6 च्या स्टुलावर त्यातलं काहीच नाही.

मग तुम्ही फसलात का? ती अजून बारमध्येच काम करते, असं मलाही वाटतं. आणि त्यासाठी तो फोटो लागत नव्हता. तुमच्याच पत्रात आहे की दुपारी दोननंतर तिचा फोन लागत नाही तो थेट रात्री उशिरा लागतो, आणि तेव्हा ती ‘झोपेतून उठले’ म्हणते. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. बाहेर बाकावर बसून तुम्ही रात्री साडेअकराला बोलता तेव्हा तिच्याकडे एक वाजलेला असतो. पार्लरचं काम शिकणारी बाई रोज रात्री एकला ताजीतवानी कशी असते, हे मकरपुऱ्यात रोज कोटेशनमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला कळत नव्हतं, हे मला पटत नाही. तुम्हाला कळत होतं, पण तुम्ही विचारलं नाहीत.

थोडा हिशेब तिच्या बाजूने मांडून बघा. पटाया ज्या चोनबुरी प्रांतात आहे, तिथे 2025 पासून किमान मजुरी दिवसाला 400 बाथ आहे. म्हणजे महिना भरला तरी दहा-साडेदहा हजार. तुमचे 20,000 म्हणजे तिथल्या कष्टाच्या कामाचे दोन पगार, आपले 50,000 रुपये तर सहज. आकडा चांगला आहे. पण ते पुढच्या महिन्यात येतील याचा तिला काय भरवसा? तुमचं लग्न ठरलं, नोकरी गेली किंवा एखाद्या मित्राने एखादा फोटो पाठवला की बंद. इसानात बहुतेक शेती पावसावरची, आणि मुलीने आईबापांना पोसायचं हे तिथे ऋण मानतात, ‘बुनखुन’ म्हणतात त्याला. बारमधल्या पुष्कळ जणी दोन-तीन देशांतल्या दोन-तीन पुरुषांकडून महिन्याचे पैसे घेतात आणि त्यांच्या फेऱ्या एकमेकांवर येऊ नयेत याची काळजी घेतात. पूर्वी तर तिथे अशा बायकांना इंग्रजी, जर्मन प्रेमपत्रं लिहून देणारी माणसं असायची, आता ते काम फोनमधलं भाषांतराचं ॲप करतं. तिच्याकडे असं दुसरं कुणी आहे का, ते मी कशी सांगू? असलं तर मला धक्का बसणार नाही. ती खोटं बोलली, हे खरं. तुम्ही तिला काय सांगितलंत? फॅक्टरी तुमची स्वतःची आहे आणि तुम्ही एकटे राहता. बहात्तर वर्षांची आई तुम्ही एका वाक्यात पुसून टाकलीत. तेव्हा ‘फसवणूक’ हा शब्द जरा बाजूला ठेवू या.

मला खटकली ती एक वेगळीच ओळ. पैसे पाठवताना बँकेच्या फॉर्मवर तुम्ही ‘जवळच्या नातेवाइकाचा निर्वाह’ असं कारण लिहिता. तिच्यासाठी तो तुमच्याशी बोलण्याचा पगार असेल, ग्रुपसाठी ती चेष्टा आहे, तुमच्यासाठी ती मदत आहे, आणि बँकेसाठी ती तुमची नातेवाईक. एकाच रकमेला चार नावं. ती नातेवाईक नाही, आणि खोटं कारण लिहिणं परकीय चलनाच्या कायद्यात अंगाशी येऊ शकतं. पुढे पाठवायचेच असतील तर ‘भेट’ म्हणून लिहा, आणि आधी सीएला विचारा. सीए काय म्हणेल याची लाज वाटते ना? मग तिथूनच विचार सुरू करा.

आता तुमच्या ग्रुपबद्दल, माझं डोकं जरा फिरलंय म्हणून. गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे 1960 पासून दारूबंदी. तुमच्या 14 जणांतले निम्मे तर नुसते मोकळेपणी ग्लास हातात धरायला गेले असतील. तो दमणलाही धरता येतो, पण दमणला ओळखीचे भेटतात. माझे यजमान मोटारपंपांच्या धंद्यात होते. पहिली ‘डीलर मीट’ पटायाला झाली तेव्हा आमचा धाकटा दुसरीत होता. परत आले, मी कपडे धुवायला काढले, शर्टाच्या खिशात एक गुलाबी पावती, वर थाई अक्षरं आणि आकडा. मी ती टीव्हीवर ठेवली, वर त्यांचाच पेपरवेट. सकाळी पावती नव्हती, पेपरवेट होता. त्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा बोललो ते नऊ वर्षांनी. त्या नऊ वर्षांत हळदीकुंकवाला इतर डीलरांच्या बायका भेटायच्या, सगळ्या एकमेकींना ‘तिकडून काय आणलं?’ विचारायच्या, आणि सगळ्यांकडे तोच टायगर बाम. म्हणून म्हणते, हसणाऱ्या त्या तेरा जणांना तुम्ही इतकं मनावर घेऊ नका. त्यांच्यातला प्रत्येक जण घरी काहीतरी लपवून आलाय. आणि ज्याने दारात बसलेल्या बाईचा तिला न विचारता फोटो काढला, त्याला तो डिलीट करायला सांगा, तुमच्या फोनमधलाही काढा. तिच्या मुलाच्या शाळेतल्या कुणाच्या हाती तो पडला तर?

ग्रुपमधल्या एकाने दलालाकडे ‘कमी वयाची’ मागितली आणि सगळे हसले, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी जाता जाता वाचू शकत नाही. 18 च्या आतली मुलगी ‘हो’ म्हणाली तरी थायलंडमध्ये तो तुरुंगाचा गुन्हा आहे. आणि इकडे परत आलं की सुटलो असंही नाही. भारतीय न्याय संहिता भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू होते, कलम 1 मध्येच लिहिलंय. त्या माणसाने नुसतं विचारलं की पुढे काही केलं, हे तुम्हाला ठाऊक असेल. केलं असेल तर गप्प बसू नका. तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर 1155 आहे, इथे आपलं पोलीस स्टेशन आहे. पुढची ट्रिप त्याच्याबरोबर करू नका, हे तर सांगायलाच नको.

तपासणीचं. तिच्याकडे दवाखान्याचं कार्ड आहे, दर काही आठवड्यांनी तिची तपासणी होते, म्हणून तुम्ही निश्चिंत आहात. कार्ड तिचं आहे हो. तिच्याकडे येणाऱ्यांचं कार्ड कोण बघतं? आणि तुम्ही ‘बहुतेक वेळा’ काळजी घेतलीत, असं लिहिलंय. ‘बहुतेक’ हा शब्द इथे चालत नाही. सयाजी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा, एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी समुपदेशक बोलतात, तुमच्या संमतीशिवाय तपासत नाहीत आणि निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ओळखीचं कुणी दिसेल अशी भीती असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करून दुसरं केंद्र विचारा. शेवटच्या भेटीला तीन महिने होऊन गेलेत, म्हणजे आताचा निकाल भरवशाचा येईल. त्याबरोबर सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सीचंही रक्त द्या. बीची लस घेतली नसेल तर घेऊन टाका. आणि ही एक गोष्ट कुठल्याही वाचकाने ध्यानात ठेवावी: असा धोका झाला तर 72 तासांच्या आत डॉक्टरकडे गेल्यास एचआयव्ही रोखणारी 28 दिवसांची औषधं देता येतात, आणि जितकं लवकर तितकं बरं. परतीच्या विमानाची वाट बघायची नसते.

आता तिच्याशी काय बोलायचं. फोटोचं नाव काढू नका. भांडायच्या सुरात नको, पकडल्याच्या सुरात तर मुळीच नको. आधी आपलं सांगा: फॅक्टरी माझी नाही, नोकरी आहे, घरी आई आहे. मग विचारा: तू अजून बारमध्ये असशील तरी मला चालेल, पण खरं सांग. आणि तिने उत्तर देण्याआधीच सांगून टाका की मेपर्यंतचे पैसे कबूल केल्याप्रमाणे येतील, उत्तर काहीही असो. मेच्या मध्यावर तिथल्या शाळा उघडतात, मुलाची फी त्यात निघेल. त्यापुढचे बंद. पैशांना उत्तर बांधलेलं असेल तर ते उत्तर तुम्हाला आवडेल असंच येईल, याला ती काय करणार. मे संपल्यावर काय उरतं ते बघा. मेसेज येणं थांबलं तर चार दिवस वाईट जातील, जाऊ द्यात.

आणि पुन्हा जायचंच असेल तर पटायाला जाऊ नका. 13 ते 15 एप्रिल सोंक्रान असतो, त्यांचं नवं वर्ष. आपल्याकडे मुंबईचा चाकरमानी गणपतीला कोकणात जातो तशी शहरातली माणसं त्या दिवसांत गावी जातात, इसानच्या गाड्या तुडुंब. ‘मी तुझ्या गावी येऊ का, तुझ्या आईला भेटायला?’ असं विचारा. ती हो म्हणाली तर रात्रभराचा बसप्रवास करून जा, एक दुभाष्या पैसे देऊन बरोबर घ्या, ॲपवर विसंबू नका. तिची आई तुम्हाला ‘सिनसोद’बद्दल विचारेल कदाचित. तिथे लग्नात नवऱ्या मुलाने मुलीच्या आईबापांना पैसे द्यायची रीत आहे, त्याने दचकू नका. आपल्याकडे ते उलट्या बाजूने वाहत आलं, त्याला आपण किती दचकलो? तिचं पहिलं लग्न कागदोपत्री मोडलंय का, तेही तिथेच कळेल. आणि ती नको म्हणाली, तर कारण काहीही असेल, पण लग्नाची गोष्ट संपली असं धरा.

लग्न करून इकडे आणायचं म्हणता. कागदाने जमतं. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावतात, म्हणजे मांजलपूरला आधी कळेल, मावशीला नंतर. दोन वर्षं संसार झाल्यावर तिला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे इथे कायम राहता येईल अशा कार्डासाठी, अर्ज करता येईल. हे सगळं वकील करून देतो. पण सकाळी तुम्ही मकरपुऱ्याला गेलात की मांजलपूरच्या तिसऱ्या मजल्यावर ती आणि तुमच्या आई, दोघींत एक शब्द समाईक नाही, एकीला वरणभात लागतो, दुसरीला चिकट भात आणि माशाचं खारवण. तिचा मुलगा कुठे असेल? तो तर तुमच्या बेतात दिसलाच नाही मला. उलटं करून बघा: तुम्ही इसानात जाऊन राहाल का, तिच्या आईच्या घरी, नोकरी सोडून? वाचल्याबरोबर जे मनात आलं ते तिच्याही मनात येत असेल, एवढं धरून चाला.

आईंना आत्ता काही सांगू नका, सांगण्यासारखं अजून काही ठरलेलंच नाही. त्यांना काही कळत नाही अशा भ्रमात मात्र राहू नका. मार्केटिंगचा माणूस वर्षात दोनदा एकटा थायलंडला जातो आणि रात्री साडेअकराला ‘पाय मोकळे करायला’ बाहेर पडतो. त्या विचारत नाहीत, मीही नऊ वर्षं विचारलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना फोन आतल्या खोलीत ठेवत जा. त्यांनी ‘जेवलास का’ विचारायची वेळच येऊ देऊ नका, बरोबर बसा.

आणि एक. चार पानांत तिच्या मुलाचा उल्लेख पाच ठिकाणी आहे, नाव एकदाही नाही. तिचंही जे नाव तुम्ही लिहिलंय ते बारमधलं टोपणनाव आहे. थाई माणसांचं हाक मारायचं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं असतं, त्यात लपवाछपवी नसते. पुढच्या फोनवर चारही नावं विचारून घ्या, नीट म्हणायला शिका, आणि मग मला लिहा.